ज्या बॅनरवर फोटो नसतो

(या भागाचं शब्दांकन. बोलताना जे वऱ्हाडी शब्द आले ते तसेच ठेवले आहेत. ऐकायचं असेल तर इअरफोन लावा, मागे प्लॉटरचा आवाज आहे.)

दर्यापुरातून बोलतोय. आज पाहुणा कोणी नाही, मी एकटाच आहे. आणि विषय असा आहे की दोन महिने रेकॉर्ड करू की नको करत होतो.

तुम्हाला माहीत आहे, माझं फ्लेक्स डिझाइनचं दुकान आहे. वाढदिवस, दशक्रिया, निवडणूक, ज्वेलर्सची ऑफर, सगळं करतो. मॅटर इथे लावायचं, फाईल अकोल्याला पाठवायची, सकाळच्या गाडीनं रोल येतो. माझ्या कॉम्प्युटरवर ‘फोटो’ नावाचं एक फोल्डर आहे. त्यात शिवाजी महाराज, बाबासाहेब, गाडगेबाबा, गजानन महाराज, राम, हनुमान, बुद्ध, महावीर, येशू, सगळ्यांच्या पीएनजी तयार आहेत. गिऱ्हाईक आलं की दहा मिनिटांत बॅनर उभा.

एकाच सणाच्या बॅनरवर मधला फोटो नसतो. ईद-ए-मिलाद.

आता २०२३ आठवा. त्या वर्षी अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आले होते, २८ सप्टेंबरला. महाराष्ट्रात मुस्लिम बांधवांनी जुलूस एक दिवस पुढे ढकलला, आणि सरकारनं सुट्टीही २९ तारखेला दिली. चांगली गोष्ट होती. पण माझ्या दुकानात त्या आठवड्यात काय झालं असेल ते फ्लेक्सवाल्यालाच कळेल. एका बाजूला विसर्जनाचे बॅनर, दुसऱ्या बाजूला मिलादचे. मी तीन रात्री झोपलो नव्हतो.

मिलादची एक ऑर्डर होती, दहा बाय वीस. खाली शुभेच्छुकांचे अठरा फोटो, वर चांदतारा, आणि मध्ये मोकळी जागा. मला ती मोकळी जागा बघवेना. आम्हाला सवयच तशी असते, मध्ये मोठा फोटो पाहिजे. मी नेटवर शोधलं. हिरवा फेटा, दाढी, चेहऱ्यामागे उजेड, असं एक चित्र सापडलं. कोणाचं आहे ते वाचलं नाही. कापलं, मध्ये लावलं, फाईल तयार केली.

नशीब, प्रूफ बघायला एक चाचा आले. त्यांचं नाव घेत नाही, त्यांना आवडणार नाही. फ्लेक्स यायच्या आधी आमच्या भागातल्या निम्म्या पाट्या त्यांच्या हातच्या होत्या. जिनिंगच्या पाट्या, शाळेच्या भिंती, बनोशातल्या दुकानांची नावं. गणपती मंडळाचे कापडी बॅनरही तेच रंगवायचे. सोंडेचा बाक त्यांच्यासारखा कोणाला जमायचा नाही, असं माझे बाबा सांगतात.

चाचांनी स्क्रीनकडे पाहिलं. ओरडले नाहीत. खुर्ची ओढली, बसले आणि म्हणाले, “बाबू, हे काय करून राह्यला तू? हे कोन हाय?”

मी म्हटलं, “चाचा, मले वाटलं...”

“तुले वाटलं. पन उद्या चौकात हे लागलं असतं, तर तुले काय वाटलं हे कोनी विचारलं असतं का?”

माझ्या अंगाला घाम आला. विसर्जनाच्या आणि मिलादच्या आठवड्यात, भर चौकात, एका हिंदू पोराच्या दुकानातून तो बॅनर गेला असता. पुढचं तुम्ही समजा. मी डिलीट मारलं. त्या जागी मदिनेच्या मशिदीचा हिरवा घुमट लावला. बॅनर गेला, लोकांनी सेल्फी काढले, विषय संपला.

पण माझ्यासाठी संपला नाही. मला प्रश्न पडला, हे नेमकं काय आहे? चित्र का नाही? आणि कधीच नव्हतं का?

चाचांना विचारलं. ते म्हणाले, आमच्यात भीती ही आहे की लोक चित्रालाच हात जोडतील. पैगंबर माणूस होते, अल्लाहचा निरोप घेऊन आलेले. पूजा अल्लाहची. फोटो भिंतीवर लागला की उद्या हार, परवा अगरबत्ती. म्हणून तो दरवाजाच बंद ठेवला.

मग मी वाचायला लागलो. कुराणात मूर्तिपूजेला सक्त विरोध आहे, पण चित्र काढायला सरळ बंदी करणारं वाक्य नाही. चित्रकारांबद्दलचे कडक शब्द हदीसमध्ये येतात, म्हणजे पैगंबरांच्या सांगितल्या गेलेल्या वचनांमध्ये. त्यांचा अर्थ वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या पंथांनी वेगवेगळा लावला.

आणि इथे मला धक्का बसला. मुसलमान चित्रकारांनी, मुसलमान बादशहांसाठी, पैगंबरांची चित्रं काढलेली आहेत. इराणात तबरीझला रशीदुद्दीन नावाचा वजीर होता. त्यानं चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला जगाचा इतिहास लिहवून घेतला, ‘जामी-उत-तवारीख’. त्यात पैगंबरांचा चेहरा दिसतो. ती पानं आज एडिनबर्ग विद्यापीठात आहेत. पुढे हळूहळू चेहऱ्यावर पांढरा पडदा आला आणि डोक्याभोवती सोनेरी ज्वाळा आली. १५९५ च्या सुमाराला तुर्कस्तानच्या सुलतान मुराद तिसऱ्यासाठी पैगंबरांचं सचित्र चरित्र तयार झालं, ‘सियर-ए-नबी’. त्यात माणूस आहे, कपडे आहेत, हात आहेत, चेहऱ्याच्या जागी मात्र कोरा पडदा. ही पुस्तकं महालातली होती, चार लोकांनी बघायची. चौकात लावायची नव्हती, हा फरक लक्षात ठेवा.

म्हणजे ‘कधीच काढलं नाही’ हे खरं नाही. आणि ‘पूर्वी काढलं होतं, मग आता काय प्रॉब्लेम’ हेही बरोबर नाही. आज जगातले बहुतेक मुसलमान, विशेषतः सुन्नी, हे चित्र मान्य करत नाहीत. इराणातल्या शिया घरांमध्ये हजरत अलींची, इमाम हुसैन यांची चित्रं दिसतात. एकाच धर्मात एवढा फरक आहे. मी नेटवरून उचललेलं चित्र बहुतेक तसलंच असावं.

चेहरा काढायचा नाही म्हटल्यावर कलाकार गप्प बसले का? नाही. तिथेच खरी गंमत आहे.

तुर्कांनी ‘हिल्या’ नावाचा प्रकार काढला. पैगंबर कसे दिसायचे, उंची कशी, केस कसे, चालायचे कसे, हे सगळं सुंदर अक्षरात लिहायचं. मध्ये गोल, बाजूला वेलबुट्टी, आणि भिंतीवर लावायचं. सतराव्या शतकात हाफिज उस्मान नावाच्या लिपीकारानं त्याची मांडणी पक्की केली. म्हणजे शब्दांचा फोटो! डिझायनर म्हणून मी त्या मांडणीला हात जोडले.

आणि लांब कशाला जाता, आपल्याकडचं मोहरम बघा. सवारीच्या वर जो धातूचा पंजा असतो, त्याची पाच बोटं म्हणजे पाच माणसं मानतात. पैगंबर, त्यांची मुलगी फातिमा, जावई अली, नातू हसन आणि हुसैन. ताजिया म्हणजे करबल्याच्या हुसैन यांच्या कबरीची कागदी, बांबूची प्रतिकृती. इसवी सन ६८० मध्ये ते मारले गेले. चेहरा कुठेच नाही, पण रस्त्यावर उभ्या माणसाला सगळं समजतं. माझी आजी नवसानं रेवड्या उधळायची, माझ्या बाबांना लहानपणी मोहरमचा फकीर केलं होतं. आजीला शिया-सुन्नी काही माहीत नव्हतं. तिला एवढंच माहीत होतं की एक चांगला माणूस पाण्यावाचून मारला गेला, म्हणून शरबत वाटायचं.

इराणात करबल्याचं नाटक करतात, त्याला ‘ताजिये’च म्हणतात. त्यात नट हातात संवादाचा कागद धरून उभे राहतात. पाठ नसतात म्हणून नाही. मी हुसैन नाही, मी फक्त त्यांचे शब्द वाचतोय, हे दाखवायला. आपलं उलटं आहे. १९८७ ला टीव्हीवर रामायण लागलं तेव्हा लोक राम झालेल्या नटाच्या पाया पडायचे. दोन्हीकडे भक्तीच आहे, वाट वेगळी आहे.

आता सिनेमा. १९७६ मध्ये मुस्तफा अक्कादनं ‘द मेसेज’ काढला. पैगंबरांच्या आयुष्यावर तीन तासांचा सिनेमा आणि त्यात पैगंबर दिसतही नाहीत, ऐकूही येत नाहीत. कॅमेराच त्यांच्या जागी असतो. नट कॅमेऱ्याकडे बघून बोलतात, उत्तर ऐकल्यासारखं थांबतात. हजरत अलीही दिसत नाहीत, फक्त त्यांची तलवार दिसते. एवढी काळजी घेऊनही अफवा पसरली की यात पैगंबर दाखवलेत. १९७७ मध्ये वॉशिंग्टनला एका गटानं तीन इमारतींत शंभरहून जास्त माणसं ओलीस धरली. त्यांच्या मागण्यांपैकी एक होती, हा सिनेमा थांबवा. सिनेमा न बघता!

२०१५ ला इराणच्या माजिद मजीदीनं पैगंबरांच्या लहानपणावर सिनेमा केला. मूल पाठमोरं दिसतं, चेहरा नाही. संगीत आपल्या ए. आर. रहमानचं. मुंबईच्या रझा अकादमीनं दोघांविरुद्ध फतवा आणला. रहमाननं पत्र लिहून शांतपणे सांगितलं की मी दिग्दर्शक नाही, निर्माता नाही, चांगल्या मनानं संगीत दिलं. २०२० मध्ये तो ऑनलाइन येणार होता, तेव्हा आपल्या राज्याच्या गृहमंत्र्यांनी केंद्राला तो थांबवा म्हणून पत्र लिहिलं.

मग चित्र सोडा, शब्दांचं काय? मराठीत महात्मा फुल्यांनी पैगंबरांवर अभंग लिहिले, नाव दिलं ‘मानव महंमद’. आपल्या शेजारी, पवनारला राहणाऱ्या विनोबांनी कुराण अरबीतून अभ्यासलं आणि ‘कुराणसार’ काढलं. साने गुरुजींनी ‘इस्लामी संस्कृती’ लिहिलं. कोणाच्या घरावर दगड पडला नाही. कारण वाचणाऱ्याला कळत होतं की लिहिणाऱ्याच्या मनात काय आहे.

पण शब्दांनीही आग लागली आहे. १९२० च्या दशकात लाहोरला पैगंबरांची टिंगल करणारं एक पुस्तक निघालं. कोर्टात प्रकाशक सुटला, दंगे झाले, आणि १९२७ मध्ये इंग्रजांनी कलम २९५-अ आणलं. प्रकाशकाचा पुढे खून झाला. तेच कलम आज न्याय संहितेत २९९ म्हणून आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. १९८८ ला रश्दींच्या पुस्तकाच्या आयातीवर भारतात बंदी आली, आणि २४ फेब्रुवारी १९८९ ला मुंबईत मोर्चावर गोळीबार होऊन बारा जण गेले. त्यांच्यापैकी किती जणांनी ते पुस्तक पाहिलं असेल?

आणि एक नाव लक्षात ठेवा, शिरीन दळवी. मुंबईत ‘अवधनामा’ या उर्दू पेपरच्या संपादक. जानेवारी २०१५ मध्ये पॅरिसच्या हल्ल्याच्या बातमीसोबत ‘शार्ली एब्दो’चं मुखपृष्ठ छापलं गेलं. माफी मागितली, तरी गुन्हे दाखल झाले, अटक झाली, मुंबई आवृत्ती बंद पडली. त्या स्वतः मुसलमान. टिंगल करायला नाही, बातमी म्हणून छापलं. मला हे अन्याय्य वाटतं, आणि हे बोलताना मला भीती वाटते हेही खरं आहे.

आता दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट, जिच्यामुळे हा भाग होतोय. रात्री अकरा वाजता आमच्या जुन्या बॅचच्या ग्रुपवर एका पोट्ट्यानं एआयनं बनवलेलं चित्र टाकलं. खाली नाव पैगंबरांचं. त्याच्या मनात टिंगल होती का? थोडी होती. उगाच कशाला खोटं बोलू. वय एकोणीस. पाच मिनिटांत स्क्रीनशॉट दुसऱ्या ग्रुपवर. दुकानासमोर दोन्हीकडची पोरं जमायला लागली.

मी त्याला शटरच्या आत घेतलं. डिलीट करायला लावलं. आणि चाचांना फोन केला.

चाचा लुंगीवरच आले. आधी बाहेरच्या पोरांशी बोलले, मग आत. त्या पोट्ट्याला म्हणाले, “तुया आजोबाच्या दुकानाची पाटी म्या रंगवली होती. त्यावरचा बालाजी म्याच काढला. जपून काढला, काऊन की तो तुया आजोबाचा होता.” बस, एवढंच. पोट्टा रडला. बाहेर जाऊन माफी मागितली. पोलीस नाही, केस नाही. पण कोणी एकानं व्हिडिओ काढून टाकला असता, तर आज मी पॉडकास्ट नाही, जबाब देत असतो.

नंतर चहा पिताना मी चाचांना विचारलं, तुम्ही चित्रकार आहात, कधी वाटलं नाही का, काढून बघावं? ते हसले. म्हणाले, “वाटलं ना. पन म्या नाही काढलं, कारण मले नव्हतं काढाचं. कोनी डंडा घेऊन उभं होतं म्हनून नाही. ह्या दोन गोष्टी एक नाहीत बाबू.”

मी तिथेच अडकलोय. माझ्या दुकानात मी ते चित्र लावणार नाही, तो माझा शेजारधर्म आहे. पण एखादी प्राध्यापिका तबरीझचं पान वर्गात दाखवत असेल, तर तिची नोकरी जाऊ नये. अमेरिकेत हॅमलिन विद्यापीठात २०२२ ला तसंच झालं. तिनं आधी सूचना दिली होती, तरी पुढच्या सत्राला तिला घेतलं नाही. बातमी, अभ्यास आणि टवाळी या तिन्हींना एकच काठी लावली, तर काही कळणारच नाही.

आणि आता चित्र काढायला हातात कुंचला लागत नाही, आठ शब्द टाइप केले की झालं. चाचांनी पाटी रंगवायला दोन दिवस घेतले. त्या दोन दिवसांत ती कोणासाठी आहे हा विचार आपोआप व्हायचा. आपल्याला तो आता मुद्दाम करावा लागेल, पाठवायचं बटण दाबायच्या आधी.

तर मंडळी, तुमच्या गावात मोहरम, मिलाद कसं होतं? सवारी अजून निघते का? आजीच्या काही गोष्टी आहेत का? व्हॉइस नोट पाठवा, एक मिनिटाची. आणि माझं काही चुकलं असेल तर तेही सांगा, पुढच्या भागात वाचून दाखवीन.

चला, अकोल्याची फाईल राहिली आहे. भेटू.