रागाच्या आधी काय आलं होतं?

(१९७९ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)

आदरणीय सर, बाई आणि माझ्या वर्गमित्र-मैत्रिणींनो, सगळ्यांना सलाम.

आम्हा नगरकडच्या ख्रिस्ती घरांत नमस्काराच्या जागी सलाम म्हणतात, हे तुम्हाला शाळेपासून ठाऊक आहे. माझ्या घरी नाताळच्या करंज्या खाल्लेले निम्मे लोक इथे समोरच बसलेत.

निवृत्तीनंतर काय करतोस ते दहा मिनिटांत सांग, असा संयोजकांचा फोन आला. मी म्हटलं, मी आणि माझी पत्नी आमच्या चर्चमध्ये नवरा-बायकोच्या भांडणांत समुपदेशन करतो. यावर फोनवरचा मित्र मिनिटभर नुसता हसत होता. मग म्हणाला, "अरे, तू कंपासपेटी फेकून मारणारा माणूस! तू कसला भांडणं मिटवतोस?"

त्याचं बरोबर आहे. आठवीत मी शेजारच्या बाकावरच्या मुलाला कंपासपेटी फेकून मारली होती. तो मुलगा आज तिसऱ्या रांगेत बसलाय, कपाळावरची खूण अजून दाखवतो. सर, तुम्हीही समोर आहात. त्या दिवशी तुम्ही छडी काढली नाहीत. आम्हाला दोघांना फळ्यापुढे उभं केलंत आणि म्हणालात, "तू त्याची तक्रार सांग, तो तुझी सांगेल. समोरचा 'बरोबर' म्हणाला की जागेवर जायचं." मला चार वेळा सांगावं लागलं, कारण त्याची तक्रार सांगता सांगता मी माझीच सांगायला लागायचो. आज आमच्या घरी येणाऱ्या जोडप्यांकडून मी हेच करून घेतो, आणि शिकलेली माणसंसुद्धा चार वेळा चुकतात.

पण मी या कामात शहाणपणामुळे आलो नाही. मी आलो तो रोगी म्हणून.

तुमच्यापैकी बहुतेकांना माहीत आहे, मी एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होतो. लग्नाला बारा वर्षं झाली होती. एका रात्री ड्यूटीवरून आलो, पत्नी काहीतरी बोलली आणि मी समोरचं ताट भिंतीवर फेकलं. आमटी भिंतीवर, भात जमिनीवर. दहा वर्षांची मुलगी उठली, काही न बोलता फडकं घेऊन आली आणि भिंत पुसायला लागली. तिच्या तोंडावर आश्चर्य नव्हतं. हे घरात होतंच, असं धरून ती पुसत होती. ते मला अजून दिसतं.

पुढच्या रविवारी उपासनेनंतर आमच्या पाळकसाहेबांनी आम्हाला थांबवून घेतलं. मला वाटलं, आता शास्त्रातलं वचन काढून झापणार. त्यांनी पुस्तक उघडलंच नाही. चहा दिला आणि मला एकच प्रश्न विचारला, "राग यायच्या आधी काय आलं होतं?"

मी म्हटलं, काही नाही, एकदम रागच आला. ते म्हणाले, "एकदम कधी येत नाही. आठव." बराच वेळ गेला. मग मी सांगितलं की त्या दिवशी मुलीची फी माझ्या मेहुण्याने भरली होती आणि पत्नीने जेवताना तेवढंच सांगितलं होतं. रागाच्या आधी लाज आली होती. पत्नीने माझ्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "तुम्हाला बरं वाटेल म्हणून सांगितलं होतं." बारा वर्षांत आम्ही असं पहिल्यांदा बोललो.

तेव्हापासून तो प्रश्न मी सोडलेला नाही. पुढे आम्ही दोघांनी समुपदेशनाचं थोडं शिक्षण घेतलं, पण आमचं सगळं काम अजून त्या एका प्रश्नाभोवतीच फिरतं. जोडपी पैशावरून, सासूवरून, मोबाइलवरून, दारूवरून भांडत येतात. राग वरचा असतो. खाली कधी लाज असते, कधी भीती, कधी 'या घरात मला कोणी मोजत नाही' ही भावना. एक जोडपं दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात भांडायचं. नवरा पगार झाला की गावी पैसे पाठवायचा. दोघांना वाटे, भांडण पैशाचं आहे. निघालं असं, की तिची पैसे द्यायला ना नव्हतीच. पाठवण्याआधी तिला विचारावं, एवढंच तिचं म्हणणं होतं. आता तो विचारतो. पैसे तेवढेच जातात.

ख्रिस्ती माणसाने रागावूच नये, असा आमच्यातही पुष्कळांचा समज असतो. शास्त्र तसं म्हणत नाही. प्रभू येशू स्वतः रागावल्याचं शुभवर्तमानात लिहिलेलं आहे. पौलाने इफिसकरांना लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात राग येईल हे धरूनच सांगितलंय, की त्यापायी पाप करू नका आणि सूर्य मावळेपर्यंत तो राग धरून बसू नका. याचा अर्थ काही जण असा घेतात, की भांडण आज रात्रीच निकाली लागलं पाहिजे. मग रात्री दोन वाजेपर्यंत दोघं वाद घालतात आणि सकाळी अधिकच बिघडलेलं असतं.

इथे मला वर्कशॉप कामाला येतं. घाटात तापून उभी राहिलेली एसटी तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. नवखा माणूस घाईने रेडिएटरचं झाकण उघडतो आणि हात भाजून घेतो. जुना ड्रायव्हर गाडी बंद करतो, सावलीत बसतो, इंजिन निवलं की मग झाकणाला हात लावतो. माणसाच्या शरीराचंही तसंच आहे. अमेरिकेतल्या सिअॅटल शहरात जॉन गॉटमन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने जोडप्यांची भांडणं वर्षानुवर्षं प्रयोगशाळेत पाहिली. त्याचं सांगणं असं, की भांडताना नाडी मिनिटाला शंभराच्या वर गेली की माणसाला समोरच्याचं नीट ऐकूच येईनासं होतं, आणि शरीर शांत व्हायला निदान वीस मिनिटं लागतात. म्हणून आम्ही जोडप्यांना सांगतो, थांबा. पण थांबताना परत बोलायची वेळ सांगून थांबा. "मी अर्ध्या तासाने येतो, मग बोलू" हे थांबणं झालं. दार आपटून निघून जाणं, चार दिवस अबोला धरणं, हे थांबणं नव्हे, ती शिक्षा आहे. सूर्य मावळायच्या आत भांडण मिटलं नाही तरी चालेल, पण 'उद्या संध्याकाळी बोलू' एवढं ठरल्याशिवाय झोपायचं नाही.

मग सरांची पद्धत. एकाने बोलायचं, दुसऱ्याने उत्तर न देता तेच आपल्या शब्दांत परत सांगायचं. 'नेहमी' आणि 'कधीच' हे दोन शब्द वापरायचे नाहीत. प्रार्थना शेवटी, आणि तीही आपल्यापुरती. हा नियम करावा लागला, कारण एक भाऊ डोळे मिटून म्हणायचे, "हे प्रभू, हिला सुबुद्धी दे." ही प्रार्थना नव्हे. ते भांडण देवाच्या कोर्टात नेणं झालं.

काही नवरे येताना वचन पाठ करून येतात, बायकोने नवऱ्याच्या अधीन असावं हे. तेही इफिसच्याच पत्रात आहे, पाचव्या अध्यायात. मी म्हणतो, दादा, एक ओळ वरची वाचा. तिथे दोघांनी एकमेकांच्या अधीन असावं असं सांगितलंय. पुष्कळांनी ती ओळ त्या दिवशी पहिल्यांदाच वाचलेली असते.

आता ज्यासाठी मी आज उभा राहिलो, ते सांगतो. हे सांगायला मला जड जातं.

कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत एक तरुण मुलगी एकटीच घरी आली. नवरा फार रागीट आहे, म्हणाली. मी तिला तापलेल्या इंजिनाची गोष्ट सांगितली. क्षमा कर, प्रार्थना कर, गोड बोल, तो निवळेल, असं सांगितलं. ती मान हलवून गेली. मला समाधान वाटलं. तीन महिन्यांनी ती आली तेव्हा हात प्लास्टरमध्ये होता. ती म्हणाली, "काका, तुम्ही सांगितलं तसंच केलं मी."

ती गेल्यावर पत्नी मला म्हणाली, "तुम्ही तिला क्षमा करायला सांगितलंत. त्याला थांबायला कोणी सांगितलं?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आजही नाही. मी एक प्रश्न विचारलाच नव्हता: तुला घरी भीती वाटते का? दोघं भांडतात ते भांडण. एक मारतो आणि दुसरी घाबरते, ते भांडण नसतं, आणि समुपदेशनाने ते मिटवायला जाणं म्हणजे तिला परत त्याच्या हाती देणं. क्षमा म्हणजे मार खायला परत जाणं नव्हे. मी तिच्याकडे जाऊन माफी मागितली. ती लगेच "असू द्या" म्हणाली नाही, आणि तिने म्हणायलाही नको होतं. आज ती वेगळी राहते, स्वतःचं कमावते. रस्त्यात भेटली तर बोलते. एवढं मला पुष्कळ आहे.

त्यानंतर आम्ही नियमच केला. नवरा-बायकोला आधी वेगवेगळं भेटायचं. माझी पत्नी तिच्याशी बोलते, मी त्याच्याशी. भीती आहे असं कळलं की एकत्र बसवायचं नाही. आधी ती आणि मुलं सुरक्षित. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा आहे, जिल्ह्यात संरक्षण अधिकारी असतो, महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे. हे सगळं आम्ही तिला लिहून देतो. पोलिसांकडे जावं लागलं तर सोबत जातो. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, 'घरची लाज चव्हाट्यावर आणता' असं काही जण म्हणाले. (तुमच्याकडे मंडळी म्हणजे बायको, माझ्या या कामात मला दोन्ही मंडळींचं ऐकावं लागतं!) पण लाज मार खाणाऱ्याची नसते, हे आता बहुतेकांना पटलंय.

आपल्या नगरशी नातं असलेलं एक जोडपं सगळ्यांना माहीत आहे, रेव्हरंड ना. वा. टिळक आणि लक्ष्मीबाई. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधली काही वर्षं दोघांची ताटातूट झाली होती. लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'मध्ये टिळकांचा तापट स्वभाव लपवला नाही आणि त्यांचा मोठेपणाही कमी केला नाही. इतक्या मोठ्या माणसाच्या घरातलं त्या मोकळेपणाने लिहू शकल्या, मग आपण आपल्या घरातलं एका विश्वासू माणसापाशी का बोलू नये?

मित्रांनो, आपण साठी ओलांडली. आता आपण सासू-सासरे आहोत. मुलगा किंवा सून तक्रार घेऊन आली की आपण लगेच न्यायाधीश होतो, आणि न्याय बहुधा आपल्या लेकराच्या बाजूने लागतो. माझी एवढीच विनंती आहे, निकाल देऊ नका. आधी विचारा, "भीती वाटते का?" 'हो' म्हणाली तर तिच्या बाजूने उभे राहा, मग ती सून असो की लेक. 'नाही' म्हणाली तर विचारा, "राग यायच्या आधी काय आलं होतं?" आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा.

माझी ती भिंत पुसणारी मुलगी आता दोन मुलांची आई आहे. मागच्या नाताळात सगळे जमलो असताना मी कशावरून तरी आवाज चढवला. ती म्हणाली, "पप्पा, गाडी तापली." मी उठून अंगणात गेलो. जाताना "पंधरा मिनिटांत येतो" म्हणालो. नातू मागून ओरडला, "वीस, आजोबा!"

सर, फळ्यापुढे उभं केल्याबद्दल आभार. आणि तिसऱ्या रांगेतल्या मित्रा, तुझी तक्रार मला अजून पाठ आहे. जेवताना म्हणून दाखवतो. 'बरोबर' म्हणालास तरच जिलेबी घेईन.

सलाम.