यंत्राला आमच्या विहिरीचे पाणी दाखवा
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



आज विषयपत्रिकेवर कापूस आहे, वीजबिल आहे. त्यात प्रयोगशाळेतल्या यंत्रमानवाचे काय काम, असे मघाशी चहाच्या वेळी दोघातिघांनी विचारले. काम आहे. थोडा वेळ द्या.

सुरुवात पाण्यापासून करू. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडे किनवटच्या भागात अशी गावे आहेत की जिथे पोरांच्या दातांवर तपकिरी डाग दिसतात आणि वय होण्याआधीच माणसांचे गुडघे आखडतात. ते फ्लोराइड खडकातून उतरलेले, त्यात आपला दोष नाही. नायट्रेटचे तसे नाही. ते उकिरड्यातून, शोषखड्ड्यातून आणि आपणच टाकलेल्या युरियातून विहिरीत येते. हे कबूल करायला आम्हाला लाज वाटत नाही. पण युरियाच का जास्त पडला? 1992 साली सरकारने स्फुरद आणि पालाशावरचे किंमत नियंत्रण उठवले, युरियाचे ठेवले. स्वस्त असेल त्याच खताची गोणी बैलगाडीत चढणार. पिकाने उचलले नाही ते पावसाबरोबर खाली गेले.

पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅमच्या वर नको, फ्लोराइड 1 मिलिग्रॅमच्या आत हवे. दुसरे पाणीच नसेल तर फार तर दीड, असे आपल्या देशाचे मानक सांगते. मायबहिणींनी एक ध्यानात ठेवावे. नायट्रेटचे पाणी उकळून उपयोग नाही. पाणी आटते आणि नायट्रेट दाट होते. बाटलीचे दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला ते सर्वांत वाईट, अंग निळे पडते.

मग ते काढायचे कसे? एक रस्ता असा की पाणी अशा पदार्थातून न्यायचे ज्याच्या अंगाला विष चिकटून राहील, गोचीड जनावराला चिकटते तसे. त्यासाठी पदार्थाचे अंग मोठे हवे, म्हणजे आत छिद्रेच छिद्रे हवीत. नारळाच्या करवंटीचा चांगला भाजून तयार केलेला कोळसा घ्या. एक ग्रॅम कोळशातल्या छिद्रांच्या भिंती उलगडून अंथरल्या तर सुमारे दहा गुंठे जागा व्यापतील. ज्यांनी काळ्या पाषाणात विहीर खोदली त्यांनी खडकाच्या पोकळीत चमकणारे पांढरे, गुलाबी खडे पाहिले असतील. त्यांतले बरेच झिओलाइट जातीचे, तेही आतून सच्छिद्र. तापवले की त्यांतले पाणी उकळून बाहेर येते, म्हणून 1756 साली क्रोनस्टेट नावाच्या स्वीडिश माणसाने त्यांना 'उकळणारा दगड' अशा अर्थाचे नाव दिले. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात हे खडे काचेमागे मांडून ठेवले आहेत. आपण मात्र ते बांधावर फेकले!

आता माणसाने असा पदार्थ स्वतः रचायला घेतला आहे. धातूचे अणू खांबांसारखे, कार्बनी रेणू तुळयांसारखे, आणि मधे मोकळ्या खोल्या. याला एमओएफ म्हणतात. या कामासाठी किटागावा, रॉबसन आणि याघी या तिघांना 2025 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. याघी जॉर्डनमधल्या पॅलेस्टिनी निर्वासित कुटुंबातले, पाण्याची चणचण लहानपणी भोगलेले. 2012 साली अशा एका पदार्थाच्या एका ग्रॅमची जागा 7000 चौरस मीटरच्या वर मोजली गेली. म्हणजे जवळजवळ पावणेदोन एकर.

अडचण इथे सुरू होते. खांब कोणता, तुळई कोणती, भट्टी किती तापवायची, किती वेळ, याचे मेळ लाखांनी होतात. माणूस आयुष्यभर बसला तरी संपणार नाहीत. म्हणून यंत्र. 2020 साली इंग्लंडमध्ये लिव्हरपूलच्या विद्यापीठात चाकांवर फिरणाऱ्या यंत्रमानवाने आठ दिवसांत 688 प्रयोग केले. प्रत्येक प्रयोगाचा निकाल पाहून पुढचा कोणता करायचा हे त्याने ठरवले आणि सुरुवातीपेक्षा सहापट चांगले मिश्रण काढले. तो शोध पाण्यापासून हायड्रोजन काढण्याचा होता, पण रीत तीच. 2023 साली अमेरिकेत बर्कलेला याघींच्या चमूने संगणकाचे मदतनीस लावून एमओएफ बनवण्याच्या कृती सुधारल्या. त्याच वर्षी बर्कलेच्याच दुसऱ्या एका प्रयोगशाळेने सतरा दिवसांत चाळीसच्या वर नवे पदार्थ यंत्राकडून बनवल्याचे जाहीर केले. ते पदार्थ वेगळ्या जातीचे होते. पुढे इतर रसायनशास्त्रज्ञांनी निकाल तपासले आणि यांत नवे काही नाही, असा आक्षेप घेतला. आम्हाला ते वाचून बरेच वाटले. यंत्राचाही हिशेब कोणी तपासतो आहे.

आमचे म्हणणे यंत्र नको असे नाही. यंत्र यावे आणि लवकर यावे. पण यंत्र तेच शोधते जे त्याला विचारले जाते. जास्तीत जास्त जागा असलेला पदार्थ दे, असे विचारले तर तो मिळेल. 1999 चा एमओएफ-5 असाच गाजला, पण तो दमट हवेतच ढासळतो. त्याला विहिरीत काय घालता? 2008 साली नॉर्वेच्या ऑस्लो विद्यापीठात झिर्कोनियमवर रचलेला पदार्थ निघाला, तो पाण्यात टिकतो. म्हणून प्रश्न नीट हवा. शुद्ध पाण्यात चिमूटभर फ्लोराइड टाकून घेतलेली चाचणी आमच्या कामाची नाही. आमच्या हातपंपाच्या पाण्यात बायकार्बोनेट असते, ते फ्लोराइडच्या जागा आधीच अडवून बसते. नायट्रेटशी सल्फेट भांडते. शिवाय हजार लिटरला खर्च किती, भरलेला पदार्थ धुवायचा कशाने, त्यातला धातू पाण्यात उतरतो का, निकामी झाल्यावर फेकायचा कुठे?

हे आम्ही अनुभवाने बोलतो. आमच्या ओळखीच्या एका गावात हातपंपावर ॲल्युमिनाची टाकी बसवली. उद्घाटन झाले, नारळ फुटला, सहा महिने पाणी छान आले. मग टाकीतला माल भरला. तो कॉस्टिक आणि आम्लाने धुवावा लागतो, हे गावात कोणालाच सांगितले नव्हते. धुवायलाही कोणी आले नाही. बाया जुन्या पंपावर परत गेल्या. आज त्या टाकीच्या खांबाला शेळी बांधतात. माल नापास झाला नव्हता, प्रश्न अर्धा विचारला होता.

तेव्हा आपल्याकडून सुरुवात अशी करायची. दर गावातून तीन विहिरी आणि दोन हातपंप निवडायचे, उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा नमुना घ्यायचा. बाटली प्लास्टिकची, स्वच्छ. काचेची नको, काच फ्लोराइडला चालत नाही. नायट्रेटचा नमुना गार ठेवून दोन दिवसांच्या आत तपासणीला पोचवायचा. चिठ्ठीवर गाव, गट नंबर, खोली आणि तारीख. अहवालात फ्लोराइड आणि नायट्रेटबरोबर बायकार्बोनेट, सल्फेट, कठीणपणाही मागून घ्यायचा. दोन हंगामांचे आकडे जमले की विद्यापीठांपुढे आणि नागपूरच्या नीरीपुढे ते ठेवू आणि सांगू, हे पाणी यंत्रापुढे ठेवा.

रिकाम्या बाटल्या मंडपाच्या मागे ठेवल्या आहेत. तालुका प्रतिनिधींनी जेवणानंतर मोजून घ्याव्यात आणि वहीत सही करावी.