काळोखाचीही राखण हवी

जंगलाइतकाच जंगलातला काळोखही जपायला हवा. काजवे लुकलुकून जोडीदार शोधतात. प्रखर दिव्यांत ती खूण हरवते. निशाचर पतंग तर दिव्याभोवती घिरट्या घालून थकतात. नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्प २०२४ मध्ये भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’, म्हणजे रात्रीचा काळोख जपणारे उद्यान, ठरला. चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानांनाही अशी रात्र हवी.

ताडोबाच्या जंगलालगतच्या गावांत वाघ-बिबट्याची भीती खरी आहे, तिथे उजेड हवाच. पण आकाशाकडे सांडणारा उजेड वाटसरूच्या कामी येत नाही. वरून झाकलेले, खाली रोखलेले पिवळसर दिवे वाट उजळतात, वीज वाचवतात आणि रानाला त्याची रात्र देतात. ग्रामपंचायतींनी दिवे निवडताना हाच निकष लावावा.