सांधेबदल आणि रक्ताची बाटली

गुडघ्याचा सांधा बदलल्यावर जेवढें रक्त पट्टीवर दिसतें, त्याहून पुष्कळदां अधिक रक्त सांध्यांत व भोंवतालच्या मांसांत मुरतें. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं हिमोग्लोबीन उतरतें, आणि घरची मंडळी 'रक्त चढवा' असा आग्रह धरतात. आग्रह मायेचा खरा. पण परक्याचें रक्त म्हणजे कांहीं टॉनिक नव्हे.

जवळचाच एक दाखला पाहूं. खुब्याच्या मोडलेल्या हाडावर शस्त्रक्रिया झालेल्या, हृदयविकार किंवा त्याचा धोका असलेल्या २०१६ रोग्यांवर अमेरिका व कॅनडा येथें प्रयोग झाला; तो २०११ सालीं प्रसिद्ध झाला. निम्म्यांस हिमोग्लोबीन १० ग्रॅमखालीं जातांच रक्त दिलें. उरलेल्यांस ८ ग्रॅमखालीं गेल्यावर किंवा लक्षणें दिसल्यावर. साठ दिवसांनीं मृत्यूंत, अथवा विनाआधार खोली ओलांडण्याच्या शक्तींत, लक्षणीय फरक आढळला नाहीं. दुसऱ्या गटांतील निम्म्याहून अधिकांस रक्त लागलेंच नाहीं! छातींत दुखूं लागलें, नाडी धांवूं लागली, तर मात्र आंकड्याकडे पाहत बसूं नये.

आग्रहच धरावयाचा तर तो शस्त्रक्रियेपूर्वीं धरावा. कांहीं आठवडे आधीं हिमोग्लोबीन तपासून घ्या; लोह कमी असल्यास भरून काढा; आणि गुठळी विरघळूं न देणारें ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड आपल्या रोग्यास चालेल काय, तें डॉक्टरांस विचारा.