बाई, माठाला घाम का येतो?

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



ऑफिसमुळे चारचौघांत बोलायची सवय झाली आहे; पण समोर आपल्या बाई बसल्या असल्या की अजूनही हात आपोआप मागे जातात. संयोजकांनी सांगितलं होतं, "तू सॉफ्टवेअरवाली, एआयवर काहीतरी बोल." त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. मी आज खेकडा, पाल आणि माठ यांच्यावर बोलणार आहे.

माझी मुलगी सहा वर्षांची आहे. पुण्यात वाढते, उन्हाळ्यात आजोळी येते. गेल्या मे महिन्यात ओहोटीच्या वेळी आम्ही भाट्याच्या किनाऱ्यावर गेलो होतो. ओल्या वाळूत बारीकसं भोक आणि त्याच्याभोवती साबुदाण्याएवढ्या वाळूच्या गोळ्या, रांगोळीसारख्या मांडलेल्या. तुम्ही सगळ्यांनी पाहिल्या आहेत. तिने विचारलं, "आई, हे कोणी केलं?" मी फोनवर ऑफिसचा मेसेज वाचत होते. वर न बघता म्हटलं, "खेकडा बीळ खणतो ना, त्याची माती."

ती तिथेच उकिडवी बसली. दहा मिनिटांनी ओरडली, "आई, तो खणत नाहीये! तो वाळू तोंडात घालतोय आणि गोळी करून टाकतोय!"

जाऊन बघितलं तर तिचं खरं होतं. तो वाटाण्याएवढा खेकडा वाळूच्या कणांना चिकटलेलं बारीक अन्न खातो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला टाकतो. भरती आली की सगळ्या गोळ्या पुसल्या जातात. ओहोटी लागली की त्याचं जेवण पुन्हा सुरू. लहानपणी त्या गोळ्या मी शेकडो वेळा पायांनी मोडल्या. बसून एकदाही बघितलं नव्हतं.

परतताना रिक्षात तिने विचारलं, "तुला माहीत नव्हतं, तर सांगितलंस कशाला?" आणि थोड्या वेळाने, "पालीच्या पायाला डिंक असतो, ते पण खोटंच का?"

तेही खोटंच होतं. डिंक असता तर भिंतीवर डाग पडले नसते का? पालीच्या बोटांखाली साध्या डोळ्यांना न दिसणारे लाखो बारीक केस असतात. ते भिंतीला इतके जवळ टेकतात की पाय धरून राहतो. पाय उचलताना ती बोटं टोकाकडून वर वळवते, म्हणून तो झटकन सुटतो. शास्त्रज्ञांनाही ही पकड नीट उलगडली ती २००० नंतरच. सहा वर्षांच्या मुलीला एवढं सांगितलं तर सहज कळतं. मी मात्र वेळ वाचवायला डिंक चिकटवून दिला होता. त्यानंतर काही दिवस तिने मला काहीच विचारलं नाही. ते मला फार लागलं.

तेव्हा आठवली आपली चौथी. कोणीतरी विचारलं होतं, "बाई, माठाला घाम का येतो?" सगळा वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "नीट कसं सांगावं ते आत्ता सुचत नाही. उद्या सांगते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रत्येकाला एक हात ओला करायला लावला. "आता दोन्ही हातांवर फुंका. गार कुठला लागतो?" ओला. मग म्हणाल्या, "पाणी उडून जाताना हाताची ऊब घेऊन जातं. माठाला दिसणार नाहीत अशी भोकं असतात. त्यातून पाणी पाझरतं, उडतं, आणि आतल्या पाण्याची ऊब घेऊन जातं. स्टीलच्या कळशीला भोकं नाहीत, म्हणून तिच्यातलं पाणी तसं गार होत नाही." झाला धडा.

पुढे इंजिनिअरिंगला हेच आकड्यांत शिकले : एक ग्रॅम पाणी उडताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता नेतं. हॉस्टेलवर नागपूरची मैत्रीण म्हणायची, "तुमच्या कोकणात चांगले माठच मिळत नाहीत, पाणी गार होत नाही." मी म्हटलं, "माठ चांगलेच आहेत गं, आमची हवा दमट आहे. पाणी उडायला जागाच नाही." ते उत्तर मला पुस्तकातून नाही, चौथीतल्या ओल्या हातावरून सुचलं. चाळिशी उलटली तरी त्या धड्यातलं काही खोडावं लागलेलं नाही. लहान मुलांना सांगायचं ते थोडं असावं, पण पुढे खोडावं लागू नये.

आपल्याच कोकणपट्टीत, उत्तरेला बोर्डीला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बालवाडीचं काम सुरू केलं. १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. महागडी साधनं परवडणार नव्हती, म्हणून शिंपले, खडे, बिया, पानं हीच शिकवायची साधनं झाली. मुलाच्या हातात जे आहे तिथून सुरुवात करायची. आपल्या बाईंनी तेच केलं, आणि त्याआधी "आत्ता सुचत नाही" असं चाळीस मुलांसमोर सांगितलं. मला ते एका मुलीसमोर जमलं नव्हतं.

आता एक विनंती. आपल्यापैकी प्रत्येकाने वर्षातून एक तास शाळेच्या बालवर्गासाठी द्यावा. भाषण नको, आपल्या धंद्यातली एक वस्तू आणा. मिरकरवाड्यातला आपला मित्र ताजा बांगडा आणून लाल कल्ले उघडून दाखवेल : मासा पाण्यात विरघळलेली हवा इथून घेतो. बागायतदार हापूसचा देठ मोडून चीक दाखवतील. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप मुलांच्याच कानाला लावावा. मी जुना कीबोर्ड उघडून नेणार आहे. आणि प्रश्न अडला तर म्हणायचं, "उद्या सांगते." मग मात्र उद्या सांगायचंच.

मुलगी आता पुन्हा विचारायला लागली आहे. परवा म्हणाली, "आई, सावली ओली का होत नाही?" मी म्हटलं, "थांब, पाणी आण. बघूया."

बाई, उत्तर अजून पूर्ण झालेलं नाही. उद्या सांगते.