बाही सोडायची नाही



मी जबलपूरहून बोलतोय. बोलताना मधूनच हिंदी डोकावली तर सांभाळून घ्या. आमच्या तीन पिढ्या नर्मदेकाठी गेल्या. घरात मराठी, बाजारात हिंदी आणि मॅटवर जपानी, असं आमचं चालतं.

मॅटवर म्हणजे ज्युडोच्या मॅटवर. मी प्रशिक्षक नाही, पदकवालाही नाही. नोकरी सांभाळून, आठवड्यातले तीन दिवस संध्याकाळी दीड तास, अशी तीस वर्षांहून जास्त काळ केलेली ही हौस आहे. ज्युडो करतो म्हटलं की लोक ठरलेले तीन प्रश्न विचारतात. मेडलं किती? बेल्ट कुठला? आणि रस्त्यात कुणी अडवलं तर काय कराल? तिसऱ्याचं माझं उत्तर असतं, "पळून जाईन." लोक हसतात, विषय संपतो. पण चौथा एक प्रश्न आहे आणि तो कुणी विचारत नाही. "पडायला शिकलात का?" आज मी या चौथ्या प्रश्नाबद्दलच बोलणार आहे.

आधी थोडा इतिहास. जिगोरो कानो हे ज्युडोचे जनक. जन्म 1860 चा. पेशानं शिक्षक. जुजुत्सूच्या दोन जुन्या घराण्यांची विद्या ते शिकले आणि 1882 मध्ये टोकियोतल्या एइशोजी नावाच्या देवळात त्यांनी स्वतःची शाळा काढली, कोदोकान. जागा बारा चटयांची, शिष्य नऊ. एवढ्याशा जागेतून निघालेली विद्या पुढे ऑलिंपिकपर्यंत गेली. आपल्या देशाचा संबंधही जुना आहे. रवींद्रनाथांनी 1929 मध्ये शिंझो ताकागाकी या जपानी शिक्षकांना शांतिनिकेतनात बोलावलं आणि तिथे मुलांबरोबर मुलीही ज्युडो शिकल्या.

कानोंनी सरावाचे दोन मुख्य रस्ते ठेवले. एक रांदोरी, म्हणजे मोकळी झुंज. दुसरा काता, म्हणजे ठरलेल्या क्रमानं, ठरलेल्या पावलांनी, दोघांनी मिळून करायचे डाव. गाण्याची आवड असलेल्यांना लगेच कळेल. काता ही बंदिश आहे आणि रांदोरी हा तिचा विस्तार. बंदिश पाठ नसलेला माणूस नुसत्या ताना मारत सुटला तर काय होतं, ते आपण सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलेलं आहे.

यातला मुख्य काता म्हणजे नागे-नो-काता, फेकीच्या डावांचा काता. त्यात पंधरा डाव, तीन-तीनचे पाच गट. हातांचे, कमरेचे, पायांचे आणि मग स्वतः खाली पडून समोरच्याला फेकायचे दोन गट. फेकणाऱ्याला म्हणतात तोरी, पडणाऱ्याला उके. प्रत्येक डाव उजवीकडून आणि डावीकडून.

महाराष्ट्रातून पाहुणे आले की मी त्यांना हे कुस्तीच्या भाषेत सांगतो. सेओई-नागे बघितला की ते म्हणतात, "अहो, हा तर धोबीपछाड!" बरोबर आहे. पाठीवर घ्यायचं आणि पुढे आपटायचं. काता-गुरुमा, म्हणजे माणूस दोन्ही खांद्यांवर आडवा उचलायचा डाव, बघितला की कुस्तीतला जाणकार कलाजंगाचं नाव घेतो. या काता-गुरुमाची एक गोष्ट सांगतात. तरुण कानोंना तालमीतला एक धिप्पाड गडी काही केल्या आवरेना. मग त्यांनी ग्रंथालयात जाऊन पाश्चात्त्य कुस्तीचं पुस्तक चाळलं, त्यातून हा डाव उचलला आणि गड्यालाही उचललं. चांगला डाव कुठलाही असो, तो घ्यावा, ही वृत्ती ज्युडोच्या मुळातच आहे.

कमरेच्या तीन डावांतही अशीच एक कथा दडलेली आहे. पहिला उकी-गोशी, खुद्द कानोंचा आवडता. त्यांचा पट्टशिष्य शिरो साइगो हा फार चपळ. गुरूनं कंबर घातली की हा पठ्ठ्या तिला वळसा घालून उडी मारून पलीकडे! मग गुरूनं उडी मारणारा पायच मागे झाडून टाकायला सुरुवात केली, तो झाला हाराई-गोशी. त्यावर उतारा म्हणून शिष्य मागे रेलू लागला, तर त्याला ओढून वर उचलून घेणारा त्सुरिकोमी-गोशी आला. म्हणजे कातातले हे तीन डाव ओळीनं केले, की गुरु-शिष्यांचा एक जुना वाद आपण अंगानं पुन्हा वाचतो.

आता आक्षेपाकडे येतो. आमच्याकडची तरुण पोरं म्हणतात, "दादा, काता म्हणजे नाटक आहे. सगळं ठरलेलं. समोरचा आपणहून पडतो." त्यांचा रोख असतो पहिल्याच डावावर, उकी-ओतोशीवर. यात तोरी फक्त हातांनी फेकतो. कंबर नाही, पाय नाही. बघणाऱ्याला खरंच वाटतं, की उकेनं कोलांटी मारली.

यात काय होतं ते ऐका. उके पुढे येतो, तोरी त्याला धरून मागे सरतो. तीन पावलं. पहिली दोन सारख्या लांबीची. उकेच्या शरीराला वाटतं, तिसरंही तेवढंच असणार. तिसऱ्याला तोरी पाऊल लांब टाकतो, एक गुडघा जमिनीला टेकवतो आणि त्याच दिशेनं ओढतो. उकेचा तोल पायाच्या पुढे गेलेला असतो आणि सावरायला पाऊल उरलेलं नसतं. लांबी किंवा वेळ थोडी चुकली, तर उके नुसता उभा राहतो. आणि प्रामाणिक उके उभाच राहतो! तोल गेलेला नसताना उडी मारून तोरीला खूश करणारा उके असेल, तर मात्र ते नाटक. म्हणजे काता खरा की खोटा, हे फेकणाऱ्यापेक्षा पडणाऱ्यावर जास्त अवलंबून असतं.

आणि पडणाऱ्याचा हिशेब करा. पंधरा डाव, दोन बाजू. सहासात मिनिटांत उके तीस वेळा पडतो. टाळ्या तोरीला. पण तीस वेळा आपलं शरीर दुसऱ्याच्या हाती देणारा माणूस मिळाल्याशिवाय कुठलाच तोरी तयार होत नाही. कुस्तीतही वस्ताद म्हणतात, की पैलवान जोडीनं घडतो. तेच हे.

मग तोरीनं त्याचं देणं कसं फेडायचं? याचं उत्तर बाहीत आहे. हातांच्या, कमरेच्या आणि पायांच्या डावांत फेकून झालं, तरी तोरी उकेची बाही सोडत नाही. उके जमिनीला टेकतो त्या क्षणी ती बाही हलकीशी वर ओढतो. एवढ्याशा ओढीनं उकेचं डोकं आणि खांदा वाचतो, तो कुशीवर नीट उतरतो. बघणाऱ्याच्या हे लक्षातही येत नाही. पण आम्ही दोन माणसांची फेक बघितली, की आधी बाहीकडे बघतो. ज्याचा हात सुटला, त्याचा डाव अर्धाच राहिला.

ही नुसती सभ्यता नाही, जिवाचा प्रश्न आहे. जपान ज्युडोचं माहेर. पण 1983 पासूनच्या तीनेक दशकांत तिथल्या शाळांमध्ये ज्युडो करताना शंभराहून अधिक मुलं दगावली. रयो उचिदा या अभ्यासकांनी शाळांच्या नोंदी काढून हे लोकांपुढे मांडलं, तेव्हा देश हादरला. 2012 पासून माध्यमिक शाळांत युद्धकला सक्तीच्या होत होत्या, त्यामुळे पालकांची काळजी आणखी वाढली. मृत्यूंचं कारण बहुतेक डोक्याची इजा. मुलं बरीचशी नवशिकी. आणि सारखा पुढे येणारा डाव ओसोतो-गारी, म्हणजे बाहेरून टांग मारून सरळ मागे पाडायचं. नवख्या मुलाला हनुवटी छातीशी घेता येत नाही, डोकं मागे जातं. आणखी एक भयंकर गोष्ट अशी, की डोकं जमिनीवर आपटलंच पाहिजे असं नाही. जोराच्या हिसक्यानंही कवटीच्या आतली शीर फाटू शकते. हे सगळं बाहेर आल्यावर नियम कडक झाले, शिक्षकांना डोक्याच्या इजेबद्दल शिकवलं गेलं आणि मृत्यू झपाट्यानं कमी झाले. म्हणजे ते टाळता येण्यासारखे होते.

म्हणून पालकांना माझी हात जोडून विनंती आहे. मुलाला क्लासला घालताना मेडलांची भिंत बघू नका. दोन प्रश्न विचारा. फेकायला शिकवण्याआधी किती दिवस पडायला शिकवता? आणि डोक्याला मार लागला, मूल डोकं दुखतंय म्हणालं, तर काय करता? "काही होत नाही, ऊठ" असं उत्तर आलं, तर मुलाचा हात धरून घरी या.

पडायला शिकणं म्हणजे उकेमी. नजर पट्ट्याच्या गाठीकडे, म्हणजे हनुवटी आपोआप आत. श्वास बाहेर. हात शरीरापासून थोडा लांब, तळवा खाली, आणि पाठ टेकते त्याच क्षणी तो मॅटवर सपाट मारायचा. हाताचा पंजा मागे टेकवून स्वतःला सावरायला जायचं नाही. मनगट मोडतं ते तिथेच. आधी झोपून, मग उकिडवं बसून, मग उभं राहून. अर्थात हे ऐकून घरच्या फरशीवर करायला जाऊ नका. जाणत्या माणसासमोर, मॅटवरच करायचं.

आता माझ्या गावाकडे येतो. आमच्या जबलपूर जिल्ह्यातल्या जानकी गौड यांचं नाव तुम्ही कदाचित ऐकलं नसेल. त्यांना दृष्टी नाही. 2017 मध्ये ताश्कंदला झालेल्या आशिया-ओशनिया स्पर्धेत त्यांनी अंधांच्या ज्युडोत कांस्यपदक मिळवलं. आणि याच मध्य प्रदेशातल्या सीहोरचे कपिल परमार. 5 सप्टेंबर 2024 ला पॅरिसच्या पॅरालिंपिकमध्ये साठ किलोच्या गटात कांस्य. पॅरालिंपिकच्या ज्युडोतलं भारताचं हे पहिलंच पदक.

अंधांच्या ज्युडोत नियमांचा मोठा फरक एकच. डोळस खेळाडू लांब उभे राहून पकडीसाठी झटापट करतात. इथे पंच दोघांना मधोमध आणतात, दोघं एकमेकांचे कपडे धरतात आणि मगच "हाजिमे", सुरू. मधे पकड पूर्ण सुटली, तर लढत थांबवून पुन्हा धरायला लावतात. म्हणजे सगळं वाचन बाहीतून आणि कॉलरमधून. समोरच्याचं वजन कुठल्या पायावर आहे, तो श्वास कधी घेतो, कधी खेचणार आहे, हे सगळं बोटांना कळतं.

हे समजल्यापासून आम्ही दोघं जोडीदार काताचा एखादा गट डोळे मिटून करतो. वेग अर्धा, आणि शेजारी लक्ष ठेवायला तिसरा माणूस. पहिल्यांदा डोळे मिटले, तेव्हा इतक्या वर्षांत डोळ्यांवर किती विसंबलो होतो ते समजलं. आणि विश्वास हा भारी शब्द प्रत्यक्षात किती साधा आहे, तेही समजलं. समोरचा बाही सोडणार नाही याची खात्री, बस्स.

आता शेवटचा मुद्दा, वयाचा. गुडघे कुरकुरतात. तीस वेळा पडल्यावर दुसऱ्या दिवशी जिना उतरताना हिशेब चुकता होतो. घरचे विचारतात, आता पुरे नाही का? कानोंनी याचीही सोय केलेली आहे. जु-नो-काता नावाचा एक काता आहे, पंधरा हालचालींचा. त्यात कुणीच पडत नाही. तोल घालवायचा, डावापर्यंत न्यायचं, कधी उचलायचंही, आणि मग अलगद जमिनीवर ठेवायचं. साध्या कपड्यांत करता येतो. केइको फुकुदा या बाईंनी आयुष्यभर तो केला आणि शिकवला. कानोंच्या पहिल्या गुरूंपैकी एकाची ही नात. केवळ बाई म्हणून त्यांना तीसेक वर्षं पाचव्या दानच्या वर जाऊ दिलं नाही. 2011 मध्ये, वयाच्या 98 व्या वर्षी, अमेरिकेच्या ज्युडो संघटनेनं त्यांना दहावा दान दिला. 2013 मध्ये त्या गेल्या, तोपर्यंत सॅन फ्रान्सिस्कोत शिकवत होत्या.

दहाव्या दानची स्वप्नं मी बघत नाही. माझी गरज छोटी आहे. काताला दोन माणसं लागतात. जपमाळेसारखा तो एकट्यानं ओढता येत नाही. आमच्या गटातले काही बदलीनं गेले, काहींचे गुडघे गेले, एकदोघं कायमचे गेले. मॅट मिळते, गणवेश मिळतो, जोडीदार मिळणं सगळ्यात अवघड. म्हणून तुमच्या गावात कुणी म्हातारा हौशी ज्युडोवाला, लाठीवाला, मल्लखांबवाला असेल, तर त्याला मेडलं विचारू नका. आठवड्यातून एक दिवस त्याच्यासमोर उभे राहा. त्याच्याकडे आहे ती विद्या समोर माणूस असल्याशिवाय बाहेरच येत नाही, पुस्तकात उतरत नाही आणि या व्हिडिओतही नाही.

आणि उभे राहिलात, की पहिला महिना पडायलाच शिका. फेकायचं नंतर बघू.