परमुलखांतील मजूर आणि विनामूल्य दवाखाना
(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या दिवशीं पूर्वजांचें स्मरण करावें आणि देवाचे आभार मानावे, हें योग्यच आहे. परंतु ज्या मंदिराचा महोत्सव आपण साजरा करितों, त्याच्या घंटेचा नाद जेथवर पोंचतो तेथवर आज कोण राहातें, याचाही विचार अशा दिवशीं व्हावा, असें आम्हांस वाटतें. नव्या इमारतींच्या पायथ्याशीं पत्र्याच्या खोपटांत आणि विटांच्या भट्ट्यांवर बिहार, झारखंड, ओडिशा, उत्तर प्रदेश येथून आलेलीं कुटुंबें राहातात. त्यांची भाषा निराळी, बहुतेकांचा धर्मही निराळा. तीं आजारी पडलीं म्हणजे कोठें जातात, हा आमच्या आजच्या बोलण्याचा विषय आहे.

पोटासाठीं परमुलखांत जाणें म्हणजे काय, हें आपल्या समाजास कोणी शिकवावयास नको. गोव्याकडील आपले बांधव खलाशाच्या किंवा आचाऱ्याच्या कामासाठीं मुंबईस येत, तेव्हां धोबीतलाव, माझगांव या भागांतील गांवोगांवच्या 'कुडां'नीं त्यांस आसरा दिला. तेथें भिंतीशीं ट्रंक ठेवावयास जागा मिळे, सायंकाळीं सर्वांनीं मिळून रोझरी म्हणावी असा नेम असे, आणि कोणी तापानें पडला तर त्याच्या उशाशीं बसावयास गांवचा माणूस असे. आज आपल्या दाराशीं आलेल्या मजुरास असा कूड नाहीं.

अशा लोकांसाठीं सामान्य माणसांनीं काय केलें, याचीं दोन उदाहरणें आम्ही आपणांपुढें ठेवितों.

पहिलें उदाहरण थायलंडच्या सरहद्दीवरील मे सोत या गांवाचें. १९८८ सालीं ब्रह्मदेशांत लोकशाहीसाठीं मोठा उठाव झाला आणि त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत लष्करानें सत्ता बळकावली. पुष्कळ तरुण जंगलांतून पायीं सरहद्द ओलांडून पळाले. त्यांत डॉ. सिंथिया माउंग नांवाची कॅरेन जमातीची एक तरुण डॉक्टर होती. १९८९ च्या फेब्रुवारींत तिनें मे सोतच्या बाहेर एका मोडकळीस आलेल्या घरांत रोगी तपासण्यास आरंभ केला. उपकरणें निर्जंतुक करण्यास यंत्र नव्हतें, म्हणून तीं भात शिजविण्याच्या विजेच्या भांड्यांत उकळीत. रोगी बहुतेक हिंवतापाचे. थोड्या महिन्यांत स्वदेशीं परत जाऊं, अशी तिची अपेक्षा होती. परंतु महिन्यांचीं वर्षें झालीं आणि त्या घराचें 'मे ताओ क्लिनिक' झालें.

पळून आलेल्या विद्यार्थ्यांमागून शेतांत व शिवणकामाच्या कारखान्यांत राबणारे गरीब ब्रह्मी मजूर तेथें येऊं लागले. पुष्कळांपाशीं परवान्याचे कागद नव्हते. त्या दवाखान्यानें त्या मजुरांतूनच मुलेंमुली निवडून त्यांस आरोग्यसेवक म्हणून शिकविलें. परदेशांतून स्वयंसेवक डॉक्टर येत, ते शिकवीत आणि डोळ्यांच्या शस्त्रक्रियाही करीत. सुरुंगांनीं पाय गमावलेल्यांसाठीं तेथेंच कृत्रिम पाय बनूं लागले. तेथें जन्मलेल्या बाळाच्या आईस प्रसूतीचा लेखी दाखला देण्याची पद्धत पडली; कारण ज्या मुलाच्या जन्माची नोंद नाहीं, तें मूल पुढें शाळेच्याही दाराशीं अडतें. या कार्याबद्दल डॉ. माउंग यांस २००२ सालीं रामोन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २०२१ च्या फेब्रुवारींत ब्रह्मदेशांत पुन्हां लष्करी सत्ता आली आणि सरहद्दीवर पुन्हां लोंढे आले. कांहीं महिन्यांसाठीं उघडलेल्या दाराची गरज तीस वर्षांनंतरही सरली नव्हती.

दुसरें उदाहरण श्रीमंत जर्मनीचें. तेथें आरोग्यविम्यावर सर्व उपचार चालतात. पण ज्याच्यापाशीं राहाण्याचा परवाना नाहीं, त्यास विमाही नाहीं. शिवाय तेथील कायद्याप्रमाणें बहुतेक सरकारी कचेऱ्यांनीं असा मनुष्य आढळल्यास परदेशी लोकांच्या खात्यास कळवावें लागतें. म्हणून रोगी घरांतच कण्हत पडतो आणि गर्भवती स्त्री प्रसूतीच्या घटकेपर्यंत कोणास तोंड दाखवीत नाहीं. माल्टाच्या संघाशीं संलग्न असलेल्या 'माल्टेझर' या कॅथलिक संस्थेनें २००१ सालीं बर्लिन येथें अशांसाठीं दवाखाना उघडला आणि पुढें इतर शहरांतही तसे दवाखाने निघाले. तेथें डॉक्टर स्वयंसेवेनें काम करितात; नांव न सांगतांही रोग्यास तपासतात; आणि डॉक्टरावर गुप्ततेचें बंधन असल्यानें रोग्यास निर्भयपणें बोलतां येतें.

या दोन उदाहरणांवरून एक गोष्ट उघड होते. मजूर उपचारास येत नाहीं तो केवळ पैशाअभावीं नव्हे. तो भीतीमुळें, भाषेमुळें आणि वेळेमुळें येत नाहीं. आपल्याकडे पाहा. सरकारी रुग्णालयांत बाह्यरुग्ण विभाग बहुधा सकाळीं चालतो. तेथें रांगेंत उभें राहावें तर रोजंदारी बुडते. २०१८ सालीं सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेंत पात्र कुटुंबास वर्षाला पांच लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात आणि ते परराज्यांतही घेतां येतात, ही मोठी सोय आहे. परंतु ती रुग्णालयांत दाखल होणाऱ्यांसाठीं आहे. तापासाठीं, चिघळलेल्या जखमेसाठीं, मुलाच्या जुलाबासाठीं ती उपयोगी पडत नाहीं. मग मजूर नाक्यावरील एखाद्या अशिक्षित वैदूकडे जातो, सुई टोंचून घेतो आणि दोन दिवसांची मजुरी तेथें ठेवून येतो.

कोणी म्हणतील, हे लोक आज येथें, उद्यां तेथें. त्यांवर उपचार करून काय उपयोग? याचें उत्तर क्षयरोगच देतो. साध्या क्षयाचें औषध सहा महिने घ्यावें लागतें आणि सरकार तें फुकट देतें. परंतु दोन महिन्यांत खोकला थांबतो, काम संपतें, मुकादम टोळी दुसरीकडे हलवितो आणि औषध सुटतें. असा रोग पुन्हां उलटला म्हणजे नेहमींच्या औषधांस दाद देईल याची खात्री नसते. २०१२ पासून 'नि-क्षय' या सरकारी नोंदणींत रोग्याचें नांव असलें, तर नव्या जिल्ह्यांत त्याचे उपचार पुढें चालवितां येतात. मात्र निघण्यापूर्वीं हें त्यास त्याच्या भाषेंत सांगणारा कोणी तरी हवा. दगडाची धूळ छातींत जाऊन होणारा सिलिकोसिस हा रोगही पुष्कळदां क्षयच समजला जातो. तेव्हां रोगी काय काम करितो, हें विचारणें हीच अर्धी तपासणी होय.

दुसरे कोणी म्हणतील, हें धर्मांतराचें निमित्त आहे असा आपणांवर आरोप येईल. तो येऊं नये अशीच आपली वागणूक असावी. रोग्यास धर्म विचारूं नये आणि औषधाबरोबर पत्रक देऊं नये. परंपरा सांगते कीं संत कोस्मास व संत दामियन हे वैद्य बंधु रोग्याकडून द्रव्य घेत नसत. आपण द्रव्यही घेऊं नये आणि द्रव्याऐवजीं दुसरेंही कांहीं मागूं नये.

मात्र सद्भावना म्हणजे दवाखाना नव्हे. मुदत संपत आलेल्या नमुन्याच्या गोळ्या वाटणें ही सेवा नव्हे, तर अपाय आहे. ज्यास वैद्यकाचा परवाना आहे त्यानेंच औषध लिहावें. इतरांनीं नोंदवही ठेवावी, दुभाष्याचें काम करावें, रोग्यास रुग्णालयापर्यंत पोंचवावें. आईच्या दुखण्याचें भाषांतर तिच्या लहान मुलाकडून करवूं नये. प्रत्येक रोग्याच्या हातीं त्याच्या औषधोपचाराचा कागद असावा. कामावर दुखापत झाली असेल तर तिची तारीख व स्वरूप लिहून द्यावें. कारण कामावरील दुखापतीची भरपाई मालकानें द्यावी, हें तत्त्व या देशांत १९२३ च्या कायद्यापासून मान्य आहे आणि आपल्या दयेनें मालकाची किंवा सरकारची जबाबदारी संपतां कामा नये.

सर्वांत अवघड गोष्ट शेवटीं सांगतों. स्वयंसेवकाची परीक्षा पहिल्या दिवशीं होत नाहीं. दाखल्यांतील शोमरोनी मनुष्यानें जखमा बांधल्या, खानावळवाल्यास दोन नाणीं दिलीं आणि अधिक खर्च झाल्यास परत येईन तेव्हां फेडीन, असें वचन दिलें. तें परत येण्याचें वचन हाच सेवेचा गाभा आहे. दर आठवड्यास उघडणारा दवाखाना तीनदां बंद आढळला, तर चौथ्या वेळीं रोगी येत नाहीं. आणि तो आजार दडवून बसला, हें आपणांस कळतही नाहीं.

आपल्या धर्मग्रामांत डॉक्टर आहेत, परिचारिका आहेत, निवृत्त शिक्षक आहेत, हिंदी उत्तम बोलणारे तरुण आहेत. शाळेचा एक वर्ग रविवारीं सायंकाळीं रिकामा असतो. महोत्सवाच्या कमानी आठ दिवसांत उतरतील. त्या उतरल्यावर त्या वर्गांत एक मेज, एक पडदा, एक नोंदवही आणि वर्षभर पाळीनें येणारीं बारा माणसें, एवढें जरी आपण उभें केलें, तरी आरंभ झाला. ज्यांस वर्षभर येणें शक्य आहे त्यांनींच आज नांव द्यावें. ज्यांस शक्य नाहीं त्यांनीं औषधांच्या खर्चास हातभार लावावा. वही सभागृहाच्या दाराशीं ठेविली आहे.